साताऱ्यातून हिमालयात पहिल्यांदा जाताय? हलके वॉटरप्रूफ बूट असे निवडा

दिवाळी उरकली की आपल्याकडं केदारकंठा या उत्तराखंडातल्या बर्फाच्या ट्रेकची बुकिंग सुरू होतात आणि मग ग्रुपवर रोज एकच प्रश्न येतो, बूट कुठला घेऊ. मी स्वतःसाठी ही खरेदी केलीय आणि आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांबरोबर दुकानात उभा राहिलोय, त्यामुळं कोण कुठं गोंधळतं ते आता चांगलं माहितीये. म्हणून सगळं ओळीनं लिहून काढतोय. अजिंक्यतारा, सज्जनगड, वासोटा झालाय आणि आता पहिल्यांदा बर्फात किंवा उंचावर जायचंय अशांसाठी हे आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. बूट निवडताना आधी माप, मग वजन, आणि वॉटरप्रूफ त्याच्यानंतर. दुकानदार याच्या बरोबर उलट्या क्रमानं सांगतो कारण वॉटरप्रूफ हा शब्द डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला असतो आणि माप तुमच्या पायात असतं, ते त्याला दिसत नाही.

खरेदीला जायच्या आधी एवढं जमवा:

- पायाचं माप काढायला कोरा कागद, पेन्सिल, पट्टी
- ट्रेकला जे मोजे घालणार तेच मोजे (नसतील तर बुटाच्या आधी मोजे घ्या)
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, कुणाकडून तरी मागून आणा
- बिल आणि डबा नीट ठेवायची सवय
- ट्रेकच्या आधी किमान एक महिना वेळ

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. आठ दिवसांवर ट्रेक असताना बूट घ्यायला जाऊ नका, मधली मापं संपलेली असतात आणि जे उरलंय ते गळ्यात मारलं जातं.

१. कुठं आणि कधी जाणार ते आधी ठरवा

सगळ्या डोंगरांना चालेल असा बूट नसतो हे आधी मान्य करा. आपल्या सह्याद्रीत जुलै-ऑगस्टमध्ये फिरायचं असेल तर वॉटरप्रूफ बूट घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण आपल्याकडं पाऊस वरून कोसळतो, पँट भिजते, पाणी पोटरीवरून ओघळत मोज्यातून बुटात उतरतं, त्यात गुडघाभर ओढे ओलांडायचे, आणि एकदा पाणी आत गेलं की वॉटरप्रूफ बूट बादलीसारखा भरून राहतो, आतलं पाणी बाहेर जायला वाटच नसते. तिथं जाळीचा, लगेच निथळणारा, रबराची चांगली पकड असलेला साधा ट्रेकिंग शूजच बरा. सह्याद्रीतले जुने ट्रेकर वर्षानुवर्षं ॲक्शनचे बूट वापरत आलेत ते उगाच नाही.

हिमालयात पाण्याचा प्रकार वेगळा असतो. केदारकंठा साधारण ३,८०० मीटर आहे, म्हणजे कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) दुपटीपेक्षा जास्त. डिसेंबर ते मार्च तिथं बर्फ असतो, आणि बर्फ बुटाला बाहेरून चिकटून हळूहळू वितळतो, ओल आत झिरपते, आणि त्या थंडीत भिजलेला पाय म्हणजे नुसता त्रास नाही, बोटं बधिर होतात, हिमदंश होऊ शकतो. तिथं वॉटरप्रूफ पाहिजेच. हिमाचलमधला हम्प्ता पास (सुमारे ४,२७० मीटर) उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात करतात, तिथं बर्फाचे पट्टे, चिखल आणि भिजलेलं गवत असतं, तिथंही वॉटरप्रूफ उपयोगी पडतो, पण नदी ओलांडताना बूट काढून सँडल घालावी लागते हे धरून चाला. नदीपुढं कुठलाच बूट वॉटरप्रूफ नाही.

ऑक्टोबरनंतर वासोटा, मकरंदगड, प्रचितगड असं कोरड्या दिवसातलं फिरणं असेल तर वॉटरप्रूफसाठी जादा पैसे घालवायची गरज नाही.

२. पायाचं माप घरी, संध्याकाळी काढा

दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडा सुजतो, ट्रेकमध्ये तर अजून जास्त, म्हणून सकाळी माप काढू नका. मोजे घाला, टाच भिंतीला टेकवा, पायाखाली कागद, पूर्ण वजन देऊन उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी सगळ्यात पुढच्या बोटापाशी खूण करायला सांगा. स्वतः वाकून खूण केली की वजन सरकतं आणि माप चुकतं. दोन्ही पायांचं काढा, बहुतेकांचा एक पाय मोठा असतो, मोठा असेल तो धरायचा. चवड्याची रुंदीसुद्धा लिहून ठेवा.

आता आकड्यांचा घोळ. आपल्याकडं दुकानात बहुतेक यूकेचा नंबर चालतो, परदेशी कंपन्यांच्या बुटावर ईयू आणि यूएस पण छापलेलं असतं. यूके ८ म्हणजे साधारण ईयू ४२, आणि पुरुषांच्या बुटात यूएसचा आकडा यूकेपेक्षा एकनं जास्त असतो. ऑनलाईन घेताना यूएस ८ ला यूके ८ समजून मागवतात आणि बूट लहान येतो, हे फार होतं. यूकेच्या अर्ध्या नंबरात जेमतेम ४ मिलिमीटरचा फरक असतो, ऐकायला किरकोळ, पण उतरताना अंगठ्याच्या नखाला तेवढंच पुरतं.

रोजच्या बुटाचा नंबर डोक्यातून काढून टाका. ट्रेकच्या बुटात बोटांच्या पुढं १०-१२ मिलिमीटर मोकळी जागा पाहिजे, त्यामुळं बऱ्याच जणांना अर्धा किंवा एक नंबर मोठा लागतो. अजून एक, लहानपणापासून चपलेत आणि अनवाणी वाढलेल्यांचा पंजा पसरट असतो, आणि कित्येक परदेशी कंपन्यांचे बूट चवड्यात अरुंद असतात. चवडा आवळत असेल तर नंबर वाढवत बसू नका, नंबर वाढवला की लांबी वाढते आणि टाच सुटायला लागते, सरळ दुसरी कंपनी बघा. ज्या बायकांचा पंजा रुंद आहे त्यांनी पुरुषांच्या बुटातला लहान नंबरही घालून बघावा, फक्त टाच सैल होत नाही ना ते तपासा, कारण लेडीज बूट टाचेत अरुंद बनवलेले असतात.

३. वजन करा, हातात घेऊन अंदाज करू नका

हलका म्हणजे किती? घोट्यापर्यंतचा वॉटरप्रूफ बूट, ४२ नंबर, जोडी एक किलोच्या आत असेल तर त्याला हलका म्हणा. पूर्ण चामड्याचे भरभक्कम बूट दीड किलोच्या आसपास जातात. दुकानात हातात घेतला की २०० ग्रॅमचा फरक कळतही नाही. पण हिशोब करा, डोंगरात एका किलोमीटरला १४०० पावलं धरली तर दहा किलोमीटरला १४ हजार, म्हणजे एकेक पाय सात हजार वेळा उचलायचा. एका बुटात २०० ग्रॅम जास्त असेल तर एका पायानं दिवसभरात १४०० किलो जास्तीचं उचललं. पायातलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं, कारण ते प्रत्येक पावलाला वर उचलून पुढं न्यावं लागतं. वर उंचावर हवा विरळ, दम आधीच कमी पडतो, तिथं हे जास्तच जाणवतं.

हलक्या बुटाची दुसरी बाजूही माहिती असू द्या, तो लवकर झिजतो. मधला फोम दबतो, कडेचं कापड खडकाला घासून फाटतं. वर्षातून एखादा मोठा ट्रेक आणि अधूनमधून शनिवार-रविवार फिरणाऱ्याला काही फरक पडत नाही. दर आठवड्याला जड सॅक घेऊन जाणाऱ्यानं थोडा जड, टिकाऊ घ्यावा.

४. वॉटरप्रूफ म्हणजे नक्की काय ते समजून घ्या

याच्यावर जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात.

बुटाच्या वरच्या कापडाच्या किंवा चामड्याच्या आत एक पातळ पडदा असतो, मेंब्रेन. बहुतेक वॉटरप्रूफ बुटात हा मोज्याच्या आकाराचा शिवून, शिवणीवर पट्टी लावून आत बसवलेला असतो. सगळ्यात प्रसिद्ध गोरटेक्स, त्यामागचा शोध रॉबर्ट गोर यांनी १९६९ मध्ये लावला, टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक झटक्यात ताणलं की त्यात बारीक छिद्रं पडतात, ती पाण्याच्या थेंबापेक्षा फार लहान आणि वाफेच्या कणापेक्षा मोठी. म्हणून बाहेरचं पाणी आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. आता जवळपास प्रत्येक कंपनीचं स्वतःचं मेंब्रेन असतं आणि पहिल्या ट्रेकला ती पुरेशी असतात, गोरटेक्सचं नाव नाही म्हणून चांगल्या मापाचा बूट सोडू नका.

"वाफ बाहेर जाऊ शकते" याच्यावर मात्र जास्त भरवसा ठेवू नका. ती बाहेर जायला आतली हवा गरम-दमट आणि बाहेरची कोरडी-थंड पाहिजे. हिमालयातल्या थंडीत हे जमतं. आपल्याकडं जुलैत ठोसेघरला बाहेरची हवाच ओलीचिंब असते, मग घाम आतच राहतो आणि माणूस म्हणतो बूट गळतोय. कित्येकदा बूट गळत नसतो, मोजा घामानं भिजलेला असतो.

मेंब्रेनशिवाय वरच्या कापडावर पाणी न धरणारा लेप असतो, त्यामुळं नव्या बुटावरून पाणी थेंब थेंब होऊन घरंगळतं. हा लेप वापरानं जातो. तो गेला की कापड पाणी पितं, बूट जड होतो, गार पडतो आणि वाफ अडते, पाणी मात्र मेंब्रेन अडवतच असतं. लेपाचा स्प्रे मिळतो, तो परत मारता येतो.

दुकानात काय बघायचं:

वॉटरप्रूफ आणि वॉटर रेझिस्टंट किंवा रिपेलंट या वेगळ्या गोष्टी आहेत. रेझिस्टंट म्हणजे नुसता लेप, रिमझिमीत दहा मिनिटं तग धरणारा. लेबल नीट वाचा, सेल्समन "एकच असतं ते" म्हणाला तरी वाचा.

लेस सैल करून जीभ वर ओढा. वॉटरप्रूफ बुटात जीभ दोन्ही कडांना कापडानं जोडलेली असते. जीभ बाजूनं सुटी असेल तर पाणी आणि बर्फ तिथूनच आत येणार, लेबलवर काहीही लिहिलेलं असू दे. जोड कुठपर्यंत आलाय तेही बघा, त्या उंचीपर्यंतच तुमचा बूट वॉटरप्रूफ.

आणि बर्फासाठी घोट्यापर्यंतचाच घ्या. लो कट, म्हणजे घोट्याच्या खालीच संपणारा बूट, कितीही वॉटरप्रूफ असला तरी बर्फ वरूनच आत पडतो. उंच बूट घातला की पाय मुरगळतच नाही असं मात्र समजू नका, त्यासाठी घोटा आणि पोटरी तयार करावी लागते.

५. सोल

विब्राम हे नाव पिवळ्या खुणेसह दिसलं की लोक निश्चिंत होतात. त्याची गोष्ट खरोखर मोठी आहे, विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती १९३५ मध्ये आल्प्समध्ये मरण पावले, त्याला अपुरी पादत्राणंही कारणीभूत होती, आणि त्यानंतर ब्रामानींनी १९३७ मध्ये खोल खाचांचा रबरी सोल आणला. आज जवळपास प्रत्येक ट्रेकिंग बुटाच्या तळाला तोच विचार आहे. पण विब्राममध्येही मऊ-कडक असे बरेच प्रकार आहेत, नुसत्या नावावर जाऊ नका.

खाचा ४-५ मिलिमीटर खोल आणि एकमेकींपासून लांब पाहिजेत म्हणजे चिखल-बर्फ अडकून बसत नाही. रबर नखानं दाबून बघा, थोडं दबलं पाहिजे. प्लास्टिकसारखं टणक रबर ओल्या कातळावर हमखास सटकतं. मग बूट दोन्ही हातांनी वाकवा, तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधेच घडी पडत असेल तर ठेवून द्या, आणि पिळून बघितला तर थोडा विरोध केला पाहिजे. कडक बर्फावर कुठलाच सोल पकडत नाही, तिथं मायक्रोस्पाईक (बुटाखाली अडकवायचे छोटे लोखंडी दाते) लागतात, ते बेसकॅम्पला भाड्यानं मिळतात, विकत घेऊ नका.

६. दुकानात घाई करू नका

आपल्याकडच्या साध्या बुटांच्या दुकानात ट्रेकिंगसारखे दिसणारे बूट भरपूर असतात, मेंब्रेनवाले क्वचित. त्यामुळं एक दिवस पुण्याला जाऊन मोठ्या स्पोर्ट्स दुकानात चार-पाच कंपन्या घालून बघणं परवडतं. जायचं तर दुपारनंतर पोचा, स्वतःचे मोजे न्या.

आधी लेस न बांधता पाय पुढं सरकवा, बोटं टेकली की टाचेमागं एक बोट सहज गेलं पाहिजे. मग टाच मागं ठोकून बसवा आणि लेस बांधा. आता पायऱ्या. चढताना टाच किती उचलते ते बघा, किंचित चालते, पण टाच घासत असेल तर तिथं फोड येणारच. उतरताना बोटं पुढं आपटतात का ते बघा. मोठ्या दुकानात कधीकधी उताराची फळी ठेवलेली असते, ती वापरा, नसेल तर पायरीच्या कडेवर उभं राहून पुढं झुका. बोट एकदा जरी टेकलं तरी तो नंबर नको, कारण उतरणीला ते हजारो वेळा टेकणार आणि नख काळं होऊन पडणार.

किमान पंधरा-वीस मिनिटं घालून फिरा, दोन्ही पायात. सेल्समनचं "वापरून सैल होईल" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. चामडं थोडं सैल होतं, पण हलके बूट कापडाचे आणि सिंथेटिकचे असतात आणि आतलं मेंब्रेन फारसं ताणत नाही, त्यामुळं आज आवळतंय ते महिन्यानंही आवळणारच. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीला एका दुकानात असंच सांगून अर्धा नंबर लहान बूट दिला, परतीच्या वाटेवर ती शेवटचा दिवस सँडलवर चालली, मार्चमधला ओला बर्फ तुडवत.

आणखी एक गैरसमज, थंडी वाजू नये म्हणून दोन-दोन जाड मोजे. बूट त्यानं घट्ट झाला की रक्त पुढं जात नाही आणि बोटं उलट जास्त गार पडतात. लोकरीचा किंवा लोकरमिश्र एक चांगला मोजा घ्या. सुती मोजा अजिबात नको, तो घाम पितो आणि वाळत नाही.

बजेट कमी असेल तर? डेकॅथलॉनच्या क्वेचुआ ब्रँडमध्ये परवडणारे वॉटरप्रूफ बूट मिळतात आणि पहिल्या ट्रेकला ते पुरतात. तेवढेही जमत नसतील तर बेसकॅम्पला बूट भाड्यानं मिळतात, पण तिथं माप मिळेलच असं नाही, आणि दुसऱ्याच्या पायावर मुरलेल्या बुटात बर्फात चालायचं, माझं मन तरी धजत नाही. त्यापेक्षा जॅकेट भाड्यानं घ्या आणि पैसे बुटात घाला.

७. घरी आल्यावर आधी घरातच वापरा

पहिले दोन-तीन दिवस फक्त घरात, फरशीवर, संध्याकाळी तास-दोन तास. सोल मळला नाही तर बूट बदलून मिळायची शक्यता राहते, त्यामुळं बिल, टॅग आणि डबा तोपर्यंत टाकू नका. बदलण्याची मुदत किती ते खरेदीच्या वेळीच विचारून घ्या.

माप पक्कं वाटलं की पाण्याची परीक्षा. घमेल्यात चार बोटं पाणी घ्या, पाणी बुटाच्या जिभेच्या जोडाच्या खाली राहील असं बघा, कोरडे मोजे घालून त्यात दहा मिनिटं उभे राहा आणि सारखं चवड्यावर उठा-बसा, कारण गळती बहुतेक वाकणाऱ्या जागेतून होते. मोजा काढून टिश्यू पेपरनं दाबून बघा. गळत असेल तर लगेच तक्रार करा, वॉरंटी त्याच्यासाठीच असते.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा. आपल्याकडं नवा बूट आणला की टिकावा म्हणून चांभाराकडून कडेनं शिलाई मारून घ्यायची सवय आहे. साध्या बुटाला ठीक आहे, वॉटरप्रूफ बुटाला नको. सुई मेंब्रेनच्या आरपार जाते आणि टाक्यागणिक एक भोक पडतं.

८. बूट पायावर मुरवा

याला आपल्यासारखी जागा नाही. आधी चार भिंतीपर्यंत चालत जा, मग पुढं अजिंक्यतारा, मंगळाईच्या देवळापर्यंत जाऊन उतरा. नंतर सज्जनगडाच्या पायऱ्या, मग पाठीवर सहा-सात किलोची सॅक घेऊन यवतेश्वरचा घाट. चढण्यापेक्षा उतरण्याकडं जास्त लक्ष द्या. कुठं गरम लागायला लागलं की थांबून तिथं टेप लावा, फोड यायच्या आधी. तीस-चाळीस किलोमीटर झाले आणि पाय कुठंही दुखला नाही की बूट तयार.

लेस बांधायचंही इथंच शिका. चढताना घोट्यापाशी थोडी सैल. उतरताना आधी टाच मागं ठोका, पावलाच्या वाकणापाशी लेसला दोन वेढे देऊन आवळा आणि मग वरचे हूक बांधा, म्हणजे पाय पुढं सरकत नाही. ट्रेकला निघायच्या दोन-तीन दिवस आधी पायाची नखं सरळ कापा.

९. ट्रेकवर

बूट सॅकमध्ये भरू नका, प्रवासात घालूनच जा. सामान चुकलं तर बाकी सगळं वाटेत मिळेल, मुरलेला बूट मिळणार नाही.

खोल बर्फ असेल तर गेटर (बुटाच्या तोंडावरून पोटरीपर्यंत बांधायचं कापडी कव्हर) लावा, त्याशिवाय वरून बर्फ जातो. रात्री इनसोल काढून वेगळे ठेवा, बूट तंबूच्या आत घ्या, बाहेर राहिला तर सकाळी लाकडासारखा होतो. शेकोटीजवळ बूट वाळवायचा मोह सगळ्यांना होतो, तो आवरा, उष्णतेनं सोलचा डिंक सुटतो आणि मेंब्रेन खराब होतं. आत जुना पेपर कोंबा आणि तो भिजला की बदला. जवळ थोडा डक्ट टेप आणि चार केबल टाय असू द्या, सोल उघडला तर त्यावर खाली उतरता येतं.

१०. परत आल्यावर आणि पुढच्या वेळी काढताना

कोमट पाणी आणि मऊ ब्रश. कपड्याची पावडर नको, त्यानं पाण्याचा लेप जातो. वॉशिंग मशिन नको, कडक ऊन नको, सावलीत वाऱ्याला वाळवा.

पुढचं बहुतेकांना माहिती नसतं. बऱ्याच बुटांच्या मधल्या सोलमध्ये पॉलियुरेथेन असतं, पीयू म्हणतात. ते हवेतल्या ओलाव्यानं वर्षानुवर्षं आतून विरत जातं, बूट वापरला नाही तरी. आपल्याकडचा पावसाळा बघता ते लवकरच होतं. पाच-सहा वर्षं कपाटात जपून ठेवलेला, दिसायला नवा बूट ट्रेकच्या पहिल्याच दिवशी तळापासून सुटतो, आणि बहुतेक वेळा एकाचा सुटला की दुसऱ्याचाही सुटतो. काही बुटांत पीयूऐवजी ईव्हीए नावाचा फोम असतो, तो असा विरत नाही, तो फक्त दबतो. म्हणून बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, हवेशीर ठेवा, मधून मधून घालून चाला. सेलमध्ये खूप स्वस्त मिळणारा जुना स्टॉक घेताना जिभेच्या आतल्या लेबलवर बनवल्याची तारीख असेल तर बघा. आणि दर वेळी ट्रेकच्या महिनाभर आधी बूट काढून मधल्या सोलवर अंगठा जोरात दाबा, बारीक चिरा दिसल्या किंवा भुगा हाताला लागला तर तो बूट बाजारहाटीला ठेवा, डोंगरात नेऊ नका.